झेब्राफिशच्या जननपेशींचा माग काढताना

ठाण्यात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेत जात असे. झेब्राफिशच्या भ्रूणात आदिजननपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे अंडी किंवा शुक्राणू होतात त्या पेशी, जननग्रंथीच्या जागी कशा पोहोचतात, हा माझा विषय होता. या पेशी तिथे तयार होत नाहीत. त्या भ्रूणात चार ठिकाणी निर्माण होतात आणि फलनानंतर सुमारे २४ तासांत प्रवास करून तिथे जमतात.

हे मासे सकाळी दिवे लागताच अंडी देतात आणि पहिले विभाजन पाऊण तासाच्या आत होते, त्यामुळे पहाटेच्या ट्रान्स-हार्बर लोकलला पर्याय नव्हता. जेमतेम ०.७ मिलिमीटरच्या त्या भ्रूणात काचेच्या सुईने चकाकणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा पेशीसाठीचा संदेश, सोडायचा. त्याच्या टोकाला नॅनोस जनुकाचा तुकडा जोडलेला असल्याने इतर पेशींमध्ये तो नष्ट होतो आणि जननपेशीच तेवढ्या हिरव्या दिसत राहतात. पुढचे काम इन्क्युबेटर साडेअठ्ठावीस अंशांवर राखण्याचे. मे महिन्यात तेही सोपे नसते.

मायक्रोस्कोपखाली पेशीच्या पुढच्या बाजूला अचानक एक फुगा येतो, आतला द्रव त्यात ओतला जातो आणि पेशी पुढे सरकते. हा फुगा कोणत्या बाजूला यावा, हे सीएक्ससीएल१२ए या प्रथिनावर ठरते. वाटेतल्या ऊती ते स्रवतात आणि जननपेशींवरील सीएक्ससीआर४बी हा ग्राही, म्हणजे संकेत पकडणारे प्रथिन, ते ओळखतो. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात, आणि माझ्या मते अर्धीच गोष्ट सांगतात. बंद खोलीत उदबत्तीचा धूर सगळीकडे भरला, तर ती कोणत्या कोपऱ्यात आहे हे वासावरून कळत नाही; म्हणून सीएक्ससीआर७बी हा दुसरा ग्राही आसपासच्या पेशींमध्ये जादा सीएक्ससीएल१२ए आत ओढून संपवत असतो. जीवशास्त्रज्ञ एरेझ राझ यांच्या गटाने हे २००८ मध्ये दाखवले. मी हा ग्राही रोखलेल्या भ्रूणांत पेशी हलत होत्या, फुगेही येत होते, पण दिशा टिकत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या भलत्याच ठिकाणी विखुरलेल्या सापडत.

तोंडी परीक्षेत मात्र प्रश्न आला तो उंदराचा. सीएक्ससीएल१२ आणि सीएक्ससीआर४ ही जोडी तिथेही आहेच. शिवाय स्टील नावाचे प्रथिन या पेशींना जिवंत ठेवते, आणि भ्रूणाच्या मध्यरेषेवरचे स्टील कमी झाले की तिथे रेंगाळलेल्या पेशी बॅक्स या प्रथिनामार्फत मरतात.