हर्णैचा लिलाव, उसना रेंजफाइंडर आणि वरचे ९० हजार

दिवाळी झाल्यावर आंजर्ल्याला आत्याकडे दोन दिवस जाऊन यायचं हे दरवर्षीचंच, त्यात लिहिण्यासारखं काही नसतं, पण या वेळी सॅकमध्ये स्वतःचा कॅमेरा होता आणि त्याच्या शेजारी पंच्यात गुंडाळलेला मित्राचा लायका होता, आणि येताना या दोघांपैकी माझा कोणता हे ठरवून यायचं होतं.

झालं असं, की माझ्याकडे चार वर्षं फुजीचा एक्स-१००व्ही आहे. फिक्स्ड लेन्स, २३ एमएम, म्हणजे जुन्या रोलच्या हिशेबात ३५, निघत नाही, झूम होत नाही, जवळ जायचं असेल तर पायांनी जा. मित्राकडे लायका एम टाइप २४०, २०१२ साली जाहीर झालेला, म्हणजे डिजिटलच्या हिशेबात म्हाताराच, त्यावर फोक्टलेंडरची ३५ एमएम लेन्स. त्याला आता खिशात मावणारं आणि ऑटोफोकसवालं काहीतरी हवंय कारण त्याची मुलगी चालायला लागलीय आणि लायकावर तिचा एकही फोटो धड येत नाही. म्हणाला, तुझा दे, वर ९० हजार दे, आणि हा घे. मी म्हटलं आठ दिवस वापरायला दे मग सांगतो. बायकोला ९० चा आकडा सांगितला नव्हता, ‘थोडेफार वर द्यावे लागतील’ एवढंच सांगितलं होतं.

स्वारगेटवरून सकाळची दापोली गाडी. ताम्हिणी उतरेपर्यंत सॅक मांडीवर होती, पुढे झोप लागली आणि ती पायाशी घसरली, माणगावच्या पुढे रस्ता जो काही आहे त्याचे सगळे दणके लायकाने खाल्ले. हे महत्त्वाचं आहे, पुढे येईलच.

लायका हा रेंजफाइंडर कॅमेरा, ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, वर कोपऱ्यात एक साधी काचेची खिडकी असते तिच्यातून बघतो, आणि थोड्या अंतरावर दुसरी छोटी खिडकी असते, तिच्यातलं चित्र आरशांनी फिरून पहिल्या खिडकीच्या मधोमध एका उजळ चौकोनात पडतं. म्हणजे मधल्या चौकोनात माणसाची दोन नाकं दिसतात. लेन्सची रिंग फिरवत जायची, नाकावर नाक बसलं की फोकस झाला. बस्स, एवढंच यंत्र. लायकाच्याच १९५४ च्या एम-३ मध्ये हे जवळजवळ असंच होतं, बदललंय ते मागचं सगळं. आणि खिडकीत तुमच्या लेन्सची चौकट नुसती रेघांनी आखलेली असते, चौकटीच्या बाहेरचंही दिसत राहतं. या एका गोष्टीवर लोक लाखो रुपये घालवतात. मी हसायचो त्यांना.

आता गंमत बघा, आपण ‘फिक्स्ड लेन्स की रेंजफाइंडर’ असं बोलतो पण हा प्रश्नच जरा तिरका आहे. बाबांकडे याशिका इलेक्ट्रो ३५ होता, १९६६ पासून निघालेलं मॉडेल, त्याची ४५ एमएम लेन्स फिक्स्ड आणि कॅमेरा रेंजफाइंडर, दोन्ही एकातच. वर दोन दिवे, उजेड जास्त झाला की लाल, शटर फार हळू पडणार असेल तर पिवळा. लहानपणी आम्हाला फोटोपेक्षा ते दिवे बघायचे असायचे. बाबांनी तो विकून नंतर एक प्लास्टिकचा ऑटोफोकस घेतला होता, मला मोठेपणी त्याचं फार वाईट वाटायचं.

आत्याला हे बोललो तर ती म्हणाली, “वाईट कसलं वाटायचंय? तो विकला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. तुझा बाबा ते डोळ्याला लावून बसला की आमचा हसून हसून जबडा दुखायचा.” आणि मग मी ओटीवर तिचा फोटो काढायला लायका लावला. रिंग इकडे, रिंग तिकडे, आत्याच्या चष्म्याच्या चार काचा, त्यांच्या तीन झाल्या, पुन्हा चार झाल्या. “अरे काढ की मेल्या, चहा उतू जाईल.” फोटो आला तेव्हा ती उठून आत निघाली होती आणि फोकस तिच्या मागच्या झोपाळ्याच्या कडीवर होता. कडी मात्र काय सुंदर आलीय.

दुपारी चारच्या सुमाराला हर्णै. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा तरी बघावं, खाडीपुलावरून स्कूटीने मला पंधरा मिनिटं लागली. होड्या लांब पाण्यात उभ्या, समोर सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्यावरून बैलगाड्या सरळ समुद्रात जातात. बैलांच्या पोटाला पाणी लागतं, गाडीवान गाडीवर उभा, होडीतून मासळी गाडीत आणि गाडीतून वाळूवर. वाळूवर ढीग पडतात, बांगडा, कोळंबी, माकूल, मधेच एखादी लांबलचक सुरमई एकटीच पडलेली, आणि प्रत्येक ढिगाभोवती बायकांचं एक रिंगण, त्यात एकजण आकडा ओरडतोय. दहा सेकंदांत ढीग विकला जातो. वास, बर्फाचा चिखल, घारी, डिझेलचा धूर. पाय ठेवायला जागा नसते आणि कोणी तुमच्यासाठी थांबत नाही.

इथे फुजी मला दरवर्षी दगा देतो. म्हणजे कॅमेरा चांगलाच आहे पण एवढ्या गर्दीत ऑटोफोकसला कळत नाही मला कोण हवंय, तो खुशाल मागच्या किल्ल्याच्या भिंतीवर जाऊन बसतो. या वेळी लायकावर मी फोकस केलाच नाही. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड घेणारं भोक, आठवर म्हणजे बारीक, लेन्सच्या खाली बोट अडकवायला जी चिमटीएवढी दांडी असते ती तीन मीटरवर आणून ठेवली आणि सोडून दिली. दोन मीटरपासून सातेक मीटरपर्यंत जे काही असेल ते चालण्यासारखं येणार हे ठरलेलं. मग कॅमेऱ्याशी काही बोलणंच नाही, फक्त आपण आणि अंतर. तासाभरात बोटाला कळायला लागलं, दांडी सरळ खाली म्हणजे माणूस हातभर जवळ, बाजूला ढकलली म्हणजे लांब. डोळा खिडकीला लावायच्या आधीच बोट जाऊन बसायचं. फुजीची रिंग फिरवली की ती फिरतच राहते, तिला सुरुवात नाही शेवट नाही, आतली मोटर ती हुकमावर चालवते, त्यामुळे बोटाला काही आठवण राहत नाही. चार वर्षांत हे मला कळलं नव्हतं, कारण तुलना करायला काही नव्हतं.

आणि मग तो बैल. मी चौकटीत एक रिकामी वाळू, दोन टोपल्या आणि पाठमोरी बाई एवढं धरून उभा होतो, आणि रेघेच्या बाहेर डावीकडून एक शिंग येताना दिसलं. चौकटीत नव्हतं अजून. मग डोकं, मग पाण्याने काळी पडलेली मान, वशिंड, सगळं रेघेच्या बाहेरूनच सरकत येतंय आणि मला दिसतंय. शिंग रेघेच्या आत आलं, बाईने मान वळवली, टॅक. स्क्रीनवर बघत असतो तर बैल अचानक फोटोत घुसला असता आणि मी दचकून उशिरा दाबलं असतं. इथे तो पाहुण्यासारखा दारातून आला. त्या क्षणी ९० हजार मला किरकोळ वाटले, हे कबूल करतो.

पुढची वीस मिनिटं मी जे काही काढलं ते आयुष्यातलं सर्वोत्तम असणार अशा खात्रीने काढलं. एक म्हातारे गाडीवान बिडी पेटवताना, बर्फ फोडणारा पोरगा, टोपलीखालून डोळे मोठे करून बघणारी मुलगी. एक मावशी ओरडली, “नुसता फोटो काय काढतंस, पापलेट घे की!” मी तिचाही काढला. तिची शेजारीण हसत हसत म्हणाली, “अरे, त्याचं झाकण काढ आधी.”

झाकण. लेन्सचं. मधे पाण्याचा शिंतोडा उडाला म्हणून लावलं होतं. खिडकीतून सगळं लख्ख दिसतं ना, लेन्सवर झाकण असो की पोतं. शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, अडकवून ठेवलेलं, खाली लाल बाण उजेड नाही म्हणून ओरडत होता, पण मी बाणाकडे बघतोय कशाला, मी कलाकार झालो होतो. १४ काळे फोटो. पापलेट घेतलं, अर्थातच. महाग पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. वरून सुवर्णदुर्ग पाण्यात बसलेला दिसतो. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे दर वेळी आठवतं आणि दर वेळी चिडचिड होते, असो. लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर ठेवून किल्ल्याच्या तटाकडे बघितलं तर चौकोनात दोन तट. आडवे जुळतायत पण एक वर एक खाली, केसभर. मित्राला फोन लावला, तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, “एसटीत कुठं ठेवला होतास?” उभा फरक असला तर फोकस चुकत नाही, फक्त डोळ्याला त्रास होतो, आडवा फरक पडला असता तर प्रत्येक फोटो गेला असता, हे त्याने मला समजावलं की स्वतःला ते कळलं नाही. त्या दोन खिडक्यांच्या मधल्या यंत्राला एक दणका पुरतो, आणि ते जुळवून देणारा भरवशाचा माणूस आपल्या गल्लीत नसतो. दुरुस्तीचा खर्च मी देणार असं म्हटलं, तो म्हणाला आधी परत तर ये.

खाली आलो तर आत्या चुलीवर घावणे घालत होती. गॅस आहे तिच्याकडे, पण बिडाचा तवा चुलीवरच. पीठ तव्यावर पडलं की चर्र होतं आणि कडेपासून मधे जाळी पडत जाते, एकेक भोक फुटतं आणि त्यातून वाफ, आणि धुरातून कौलांमधला एक कवडसा बरोबर तव्यावर. हा फोटो मला किती वर्षं हवा होता. लायका उचलला, वाकलो, आणि थांबलो. या लेन्सला ७० सेंटीमीटरच्या आत दिसत नाही. तेवढ्या लांबून जाळी बिळी काही नाही, एक तवा, एक पदर, संपलं. फुजी दहा सेंटीमीटरपर्यंत जातो. काढला, लेन्सवर वाफ येईपर्यंत जवळ गेलो, आणि त्याचं शटर पानासारखं मिटणारं, लेन्सच्या आतलं, आवाज जवळजवळ नाहीच, आत्याला कळलंही नाही की मी सहा काढले. तिच्या बोटाला लागलेलं पीठ, बांगडीवरचा पिठाचा थेंब, सगळं आलं.

बाहेर येऊन ओटीवर बसलो आणि सहज फुजीच्या पुढच्या अंगाला असलेला खटका ओढला. आता हसू नका. या कॅमेऱ्यात दोन तऱ्हांनी बघता येतं, एक आतली छोटी स्क्रीन आणि दुसरी खरी काच, रेघांच्या चौकटीसकट. पहिल्या आठवड्यात मी तो एकदा ओढून बघितला होता, मग स्क्रीनवर ठेवला तो ठेवलाच. चार वर्षं! काचेतून बघितलं तर चौकटीच्या बाहेर तुळशीवृंदावन, त्याच्या पलीकडे मांजर चौकटीच्या दिशेने येतंय. लायकाच्या खिडकीपेक्षा हे लहान दिसतं, रेघाही तेवढ्या ठसठशीत नाहीत, पण मांजर तर येतंय. फोकस मॅन्युअलला टाकून तीन मीटर आणि ॲपर्चर आठ केलं, याचा सेन्सर लहान असल्यामुळे लायकापेक्षा जास्तच पट्टा फोकसमध्ये येतो, दीडेक मीटरपासून पार तीसेक मीटर. संध्याकाळी पुन्हा हर्णैला गेलो असतो पण परतीची गाडी होती.

बोटाची ती दांडी मात्र यात नाही, आणि ती नाही हे आता मला रोज जाणवणार. त्याला इलाज नाही. पण लायका आला असता तर दोन महिन्यांत ५० ची लेन्स हवी झाली असती, मग २८ ची, मी स्वतःला ओळखतो, नाशिकला गेलो तर एक द्राक्षाची पेटी घेऊन न थांबणारा माणूस आहे मी. शिवाय वजन, फुजी अर्ध्या किलोच्या आत आणि हा लेन्स धरून पावणेनऊशेच्या आसपास, स्कूटीवर गळ्यात घातला की प्रत्येक खड्ड्याला बरगडीत लागतो.

पुण्यात आल्यावर मित्राला कॅमेरा नेऊन दिला, सोबत काजू आणि आत्याचं कोकम. त्याने पंचा सोडला, खिडकीला डोळा लावून समोरच्या बिल्डिंगच्या टाकीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “एवढं काही नाही.” मी नाही म्हणालो, त्यालाही फार वाईट वाटलं नाही, मला वाटतं त्यालाही तो द्यायचा नव्हताच. फक्त म्हणाला, तू माझा आठ दिवस वापरलास, आता तुझा मला आठ दिवस दे, पोरीला घेऊन हंपीला चाललोय.

त्याला आज बारा दिवस झाले. बैलाचा फोटो खाली टाकलाय, तो लायकाचा. घावण्याचा फुजीतल्या कार्डावर आहे आणि कार्ड हंपीत आहे, आलं की टाकतो.