आमची वाटचाल : चप्पल लाईनच्या वेबसाईटनं शिकवलेलं काम

आमचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. सुरुवातीला मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. गुळाचे अडत्ये, गुजरीतले सराफ, उद्यमनगरातले लेथवाले, अशा लोकांच्या वेबसाईट करून द्यायचो. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांच्यात मिळून एका सर्व्हरवर भाड्याची जागा घ्यायची, वर्डप्रेस हे साईट बनवायचं सॉफ्टवेअर टाकायचं, फोटो चढवायचे, झालं. कोटेशनमध्ये "नियमित बॅकअप" असं लिहायचो आणि घ्यायचोही प्रामाणिकपणे. सी-पॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, त्याच्या फाईल मॅनेजरमध्ये जाऊन पब्लिक एचटीएमएल हे साईटच्या फायलींचं फोल्डर सिलेक्ट करायचं, कॉम्प्रेस करायचं, झिप तयार. ती झिप तिथंच राहायची, त्याच फोल्डरात, त्याच सर्व्हरवर.

चप्पल लाईन या कोल्हापुरी चपलांच्या बाजारातल्या एका दुकानाची साईट आमच्याकडं होती. कापशी, पुकरी, बक्कलनाली, प्रत्येक चपलेचे तीन-चार बाजूंनी फोटो. एके दिवशी सकाळी साईट उघडेना. सी-पॅनेलपण उघडेना. होस्टिंगवाल्याला फोन लावला तर म्हणाला सर्व्हरची डिस्क गेली, आमच्याकडं तुमची कॉपी नाही, बॅकअप ही ग्राहकाची जबाबदारी आहे, अटींमध्ये लिहिलंय. अटी काढून वाचल्या, खरंच लिहिलेलं. आमची झिप साईटबरोबरच गेली.

संध्याकाळी दुकानात गेलो. मालक आमच्या वडलांच्या वयाचे. सगळं ऐकून घेतलं, चिडले नाहीत, एवढंच विचारलं, "दुसरीकडं कुठं उतरवून घेतलं नव्हतंस काय रे पोरा?" मला उत्तर देता येईना. मग तीन दिवस आम्ही दोघं त्यांच्या फळीवर बसून परत फोटो काढत होतो. त्यांचे कारागीर एकेक जोड तेलाच्या फडक्यानं पुसून पुढं ठेवायचे, आम्ही पांढऱ्या कापडावर मांडून फोटो घ्यायचो. पैसे घेतले नाहीत, घ्यायचा प्रश्नच नव्हता. काही जोड तर विकून गेलेले, त्यांचे फोटो परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

अजून एक गोष्ट नंतर कळली आणि अंगावर काटा आला. पब्लिक एचटीएमएलमध्ये ठेवलेली झिप नाव ओळखलं तर जगातला कुणीपण डाउनलोड करू शकतो, आणि तिच्यात डब्ल्यूपी-कॉन्फिग फाईल असते, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड. आजही नवीन क्लायंटचं जुनं होस्टिंग बघायला घेतलं की तिथं अशा झिपा पडलेल्या दिसतात. कृपा करून काढून टाका.

मग एफटीपी, म्हणजे सर्व्हरवरच्या फायली आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायची पद्धत, सुरू केलं, फाईलझिला या सॉफ्टवेअरमधनं. वर्डप्रेसमध्ये बारीक बारीक हजारो फायली, एफटीपी प्रत्येक फाईल वेगळी मागवतं, त्यामुळं साईट लहान असली तरी रात्र जायची आणि मधेच लाईन तुटली की फेल झालेल्या फायलींची यादी वेगळीच. त्यापेक्षा सर्व्हरवर एकच झिप करायची, ती पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर ठेवायची, उतरवून घ्यायची, उघडून बघायची आणि मग तिथनं पुसायची, हे बरं पडतं. उघडून बघणं महत्त्वाचं, कारण शेअर्ड होस्टिंगवर मोठी झिप कधीकधी अर्ध्यातच थांबते. आणि एफटीपीनं घेत असाल तर लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करा, नाहीतर डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही सर्व्हरच्या सेटिंगची फाईल मागं राहते.

पण फायली म्हणजे अर्धीच साईट. लेख, किमती, ऑर्डरी हे सगळं डेटाबेसमध्ये, ते डेटाबेस सांभाळायच्या पीएचपी-माय-अ‍ॅडमिनमधनं वेगळं एक्सपोर्ट करावं लागतं. आम्ही करायला लागलो, आणि एकदा सहज एका अडत्यांची साईट टेस्टच्या वेगळ्या पत्त्यावर (सबडोमेनवर) उभी करून बघितली तर सगळं मराठी गायब. गूळ लिहिलेलं तिथं टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. कॅरॅक्टर सेटचा, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीचा घोळ, घेताना एक आणि चढवताना दुसरा. तेव्हापासनं दोन्हीकडं यूटीएफएट-एमबीफोर हा मराठी नीट ठेवणारा सेट आहे का बघितल्याशिवाय हात लावत नाही. मराठी साईटवाल्यांनी हे आवर्जून बघावं, इंग्रजी साईटला हा घोळ सहसा कळतच नाही.

इतकं करूनसुद्धा २०१९ चा ऑगस्ट आलाच. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. आम्ही कॉम्प्युटर टेबलावर चढवले आणि निघालो, बॅकअपच्या दोन्ही हार्डडिस्क खालच्या ड्रॉवरमध्ये होत्या. ड्रॉवर उघडला तेव्हा आतनं गाळ निघाला, डिस्कच्या वायरीला कागद चिकटलेले. गंमत नाही सांगत, क्लायंटच्या साईट सगळ्या चालू होत्या, कारण सर्व्हर लांब होते. बुडाल्या त्या आमच्या कॉप्या. भाऊ म्हणाला दुसरी डिस्क सांगलीला आत्याकडं ठेवू, पण त्याच आठवड्यात सांगलीतही पाणी होतं. म्हणून आता एक कॉपी ऑफिसात, वरच्या मजल्यावर, आणि एक दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर. होस्टिंग एकाचं आणि बॅकअप त्याच्याच गोदामात, असं करत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्सात स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, त्यात काहींची साईट आणि बॅकअप एकाच जागी असल्यानं दोन्ही गेलं. ती बातमी वाचली तेव्हा मला आमची पहिली झिप आठवली. त्याच वर्षी जुलैत कोल्हापुरात परत पूर आला, तेव्हा आम्ही फक्त माणसं आणि कॉम्प्युटर हलवले.

आता चारजण आहोत. जिथं एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर थेट कमांड द्यायची सोय मिळते तिथं रात्री आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्राम चालतो, बदललेल्या फायलीच तेवढ्या येतात, डेटाबेस क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप निघतो. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक साईट चिठ्ठी काढून निवडतो आणि बॅकअपमधनं कोऱ्या जागी उभी करतो, लॉगिन, फोटो, मराठी, फॉर्म, सगळं बघून मगच त्या महिन्याची नोंद वहीत. याचे वेगळे पैसे लावत नाही, मेंटेनन्समध्येच धरतो.

गेल्या शनिवारी चिठ्ठी चप्पल लाईनची निघाली. वीसेक मिनिटांत साईट उभी राहिली, कापशीचा पहिला फोटो आला, त्याच पांढऱ्या कापडावरचा. मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे उतरवून घेतलंयस नव्हं?" म्हटलं, "व्हय काका, दोन ठिकाणी."