किती फूट?

परवा दुपारी जेवणानंतर बोटाला टोचलं, पट्टीला थेंब लावला आणि मशीनवर रक्तातल्या साखरेचा आकडा आला २४३. आतून हिचा आवाज, "किती?" आणि हे "किती" अगदी त्याच सुरात, ज्या सुरात जुलै-ऑगस्टात अख्खी सांगली एकमेकांना विचारत असते, "किती फूट?"

पुढचं विचारायचं नसतंच. आयर्विन पुलाजवळचं कृष्णेचं पाणी, दुसरं काय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आमच्याकडे शेंबड्या पोराला पण पाठ. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हापासून तर पाऊस लागला की कोण कुणाला कसा आहेस विचारत नाही, डायरेक्ट फूट.

तर २४३. एक चपाती, वाटीभर आमटी, भात दोन घास, एवढ्यावर २४३? मग डोक्यात ट्यूब पेटली. टोचायच्या आधी मी तासगावहून आलेले बेदाणे बरणीत भरत बसलो होतो, बोटं चिकट, तशीच पँटला पुसली आणि टोचलं. म्हणजे मशीननं निम्मी साखर बेदाण्याचीच मोजली की. साबणानं हात धुतले, नीट कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं, १६८. ही म्हणाली, "एक पट्टी गेली फुकट." पट्ट्यांचे भाव माहीत असलेल्या माणसाला हे लागतं हो.

आता १६८ चांगलं का वाईट यावर आमच्या घरात कायम वाद. डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलंय, उपाशीपोटी ८० ते १३०, जेवल्यावर दोन तासांनी १८० च्या आत, तीन महिन्यांची सरासरी, ती HbA1c म्हणतात ती, ७ टक्क्यांच्या आत. हिचं म्हणणं, लॅबच्या रिपोर्टवर तर उपाशीपोटी १०० च्या आत छापलेलं असतं, मग तुम्हाला १३० ची सूट कशी काय? अगं ते शुगर नसलेल्या माणसाचं, हे असलेल्याचं. तिला हे पटत नाही, तिला वाटतं मी डॉक्टरांशी सेटिंग केलंय.

दुसरं भांडण दोन तास कधीपासून मोजायचे याचं. मी आपला हात धुतल्यापासून मोजायचो, बडीशेप वगैरे खाऊन झाल्यावर. तर डॉक्टर म्हणाले, पहिल्या घासापासून. मला जेवायला पाऊण तास लागतो, म्हणजे इतके दिवस मी पावणेतीन तासांचा आकडा दोन तासांचा म्हणून वहीत लिहित होतो आणि वर खूष होत होतो, हे हिला कळल्यापासून तर बघायलाच नको.

आजोबांच्या वेळी ही वही-बिही काही नव्हती. गावभागातल्या घरात मागच्या पडवीत त्यांची प्रयोगशाळा. एक स्पिरिटचा दिवा, लाकडी चिमटा, काचेची नळी आणि बाटलीत लघवीतली साखर तपासायचं ते निळंशार बेनेडिक्टचं औषध. नळीत चमचाभर औषध, त्यात ड्रॉपरनं लघवीचे आठ थेंब, आणि मग नळी तिरकी धरून दिव्यावर हलवत बसायचं, नाहीतर उकळून फस्सकन अंगावर यायचं. आजी नाकाला पदर लावून, "देवघर दहा पावलांवर आहे हो." आम्ही पोरं उकिडवी बसून श्वास रोखून. निळ्याचं हिरवं झालं की आजोबा गप्प. पिवळं झालं की आजीकडे न बघता नळी धुवायला जायचे. नारिंगी, विटकरी मी दोनदाच बघितलं, दोन्ही वेळा आदल्या दिवशी कुणाचंतरी लग्न होतं. आणि निळं निळंच राहिलं तर काय विचारता, "निळं आलं गं!" अशी हाक थेट स्वयंपाकघरापर्यंत, आणि त्या आनंदात एक पेढा.

पुढे मला कळलं की लघवीत साखर उतरते तीच मुळी रक्तातली साधारण १८० च्या वर गेली की. म्हणजे निळं याचा अर्थ एवढाच, पाणी अजून पात्रात आहे. रस्त्यावर आलं की मग रंग बदलणार. १७५ असलं काय आणि ९० असलं काय, आजोबांना निळंच. आणि खाली, म्हणजे ७० च्या पण खाली गेलं असतं तरी निळंच की! त्या निळ्यावर ते पेढे खात होते ते एका अर्थी बरंच म्हणायचं.

खालचं कुणाच्या डोक्यात नसतं बघा. पाणी चढायला लागलं की पुलावर ही गर्दी, मे महिन्यात कृष्णा आटून तळाचे दगड दिसायला लागले तर कोण जातंय बघायला. आमच्या आईला, वय ७८, डॉक्टरांनी तीन महिन्यांची ८ च्या आत चालेल म्हणून सांगितलं तेव्हा मलाच वाटलं, म्हातारी झाली म्हणून हयगय करतात का काय. मग एका संकष्टीला तिनं सकाळची शुगरची गोळी घेतली आणि उपास धरला. अकराच्या सुमाराला बघतो तर खुर्चीत बसलेली, कपाळावर घाम, हात थरथरतोय, आणि मला माझ्या काकांच्या नावानं हाक मारली. मशीन लावलं, ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, घड्याळ समोर ठेवलं. पंधरा मिनिटं. एवढी लांब पंधरा मिनिटं मी पुराच्या रात्री पण मोजली नाहीत. परत टोचलं, ९१. शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य काय, "चंद्रोदयाआधी साखर पाजलीस होय रे."

तेव्हापासून संकष्टी असली की सकाळी मी फोन लावतो, नाश्ता केलास का, मशीन लावलंस का, किती आली. ती दर वेळी शांतपणे सांगते, "एकशेवीस." कायम एकशेवीस, एक इकडे नाही एक तिकडे नाही.

मशीनमध्ये मेमरी असते हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.