जलसर्पाचं म्यान: माशाची कातडी कमावताना

बालनाट्यातल्या राजपुत्राला ‘जलसर्पाच्या कातड्याचं’ म्यान हवं होतं. रेक्झीन दिव्याखाली लगेच उघडं पडतं, म्हणून मी रावसाची कातडी कमावली. खवला निघाला तरी त्याचं घर कातडीत राहतं, आणि सगळी शोभा त्या घरांचीच.

सांगलीत हे काम डिसेंबर-जानेवारीतच करावं. माशाची कातडी गाईम्हशीच्या कातड्यापेक्षा फार कमी उष्णतेत बिघडते. पाणी कढत असेल तर ती आक्रसते आणि तिची खळ होते. एप्रिलमध्ये तर बादलीच तापलेली असते.

कापणाऱ्याला आधीच सांगून तीन-चार किलोच्या माशाच्या तीन अखंड कातड्या घेतल्या. आतलं मांस बोथट चमच्याने पाटावर खरवडायचं. राहिलेल्या मांसाखाली कस (सालीतलं कातडी कमावणारं द्रव्य) पोचत नाही, तिथेच वास धरतो. खवले सुरीने काढू नयेत, घरं फाटतात. लिटरला दहा ग्रॅम विरलेला चुना घालून रात्रभर भिजवलं की बोटाने सुटतात. हातमोजे हवेतच.

मग चुना काढणं. इथेच बहुतेकांचं बिघडतं. पाणी बदलत, दर लिटरला चमचाभर व्हिनेगर टाकत राहायचं. कडेची चिंधी कापून ताज्या कापावर हळदीचं पाणी लावायचं: लाल झालं तर चुना अजून आत आहे, पिवळंच राहिलं तर पुढे चला. हळदीच्या गावात पीएच पट्ट्या कशाला विकत घ्यायच्या? चुना राहिला तर कमावताना काळपट डाग पडतात.

दोनशे ग्रॅम कुटलेली बाभळीची साल आणि पन्नास ग्रॅम हिरडापूड चार लिटर पाण्यात तासभर उकळून गाळली, पूर्ण गार केली. या काढ्यात कातडी बुडवायची: पहिले दोन दिवस एक भाग काढा, तीन भाग पाणी, मग निम्मं-निम्मं, चौथ्या दिवसापासून निव्वळ काढा. घाईने सुरुवातीलाच कडक काढा दिला तर वरचा थर आवळतो आणि मधे कच्चं राहतं. पहिले काही तास हलवत राहा, नाहीतर घडीत पांढरे पट्टे उरतात. बादली प्लास्टिकची; लोखंड लागलं की काळं पडतं. नवव्या दिवशी कापात पांढरी रेघ दिसली नाही, तेव्हा बाहेर काढलं.

ओलसर असतानाच आतल्या बाजूला एका अंड्याचा बलक, दोन चमचे एरंडेल आणि अर्धी वाटी कोमट पाणी घोटून चोळलं. सावलीत वाळत घालून दर अर्ध्या तासाने टेबलाच्या कडेवरून सगळ्या दिशांनी ओढलं. एक कातडी रात्री विसरलो, तिचा पापड झाला. ती पुन्हा ओली करून ओढली, पण पहिल्यासारखी मऊ आली नाही.

रंग तांबूस आला. जलसर्पाला निळसर काळा हवा होता, म्हणून गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवून ते पाणी भरपूर पातळ करून एकदाच फिरवलं आणि लगेच धुतलं. जास्त झालं तर चामडं ठिसूळ होतं. म्यानावर चिकटवताना शेपटीची बाजू टोकाकडे ठेवली, म्हणजे खालून वर हात फिरवला की घरांच्या कडा बोटाला लागतात.