आकृतीतला तो एक बाण

कपाट आवरताना कॉलेजची बायोलॉजीची वही सापडली आणि आवरणं अर्थातच तिथेच थांबलं. सायनॅप्सची, म्हणजे एका चेतापेशीकडून पुढच्या पेशीकडे निरोप जातो त्या सांध्याची आकृती, चांगली रंगीत पेनांनी काढलेली. चेतापेशीच्या टोकाशी सिग्नल येतो, कॅल्शियम आत शिरतं, तिथून एक लाल बाण, आणि बाणापुढे पिशव्या फुटून न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे निरोप नेणारं रसायन, बाहेर. पूर्ण मार्क मिळाले होते. पण त्या बाणात नक्की काय होतं हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नाही. म्हणजे कॅल्शियम आलंय हे पिशवीला कळतं कसं?

तर गेले दोन आठवडे फावल्या वेळात हेच वाचतोय.

आधी पिशव्यांचं. व्हेसिकल म्हणजे साधारण ४० नॅनोमीटरची इवलीशी गोळी, आत न्यूरोट्रान्समीटरचे हजारो रेणू. माल असा पिशवी-पिशवीनेच बाहेर पडतो, सुटा नाही, हे बर्नार्ड काट्झ यांनी दाखवलं, बेडकाच्या स्नायूवर. १९५२ मध्ये त्यांनी आणि पॉल फॅट यांनी नोंदवलं की स्नायू शांत असतानाही तिथे अर्ध्या मिलीव्होल्टच्या आसपासचे बारीक बारीक झटके आपोआप येत असतात, आणि मोठा सिग्नल म्हणजे असेच पुष्कळ झटके एकाच वेळी.

एकाच वेळी हे महत्त्वाचं. कॅल्शियम आत आल्यापासून माल सुटेपर्यंत मिलीसेकंदाचाही काही अंशच जातो. एवढ्या वेळात कुठूनतरी पिशवी आणा, भिंतीला टेकवा, जोडा, हे शक्यच नाही, म्हणजे सगळं आधीच करून ठेवलेलं असणार. आणि तसंच असतं. पिशवीवर सिनॅप्टोब्रेव्हिन, पेशीपटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५, ही तीन प्रोटीन्स दोरीला पीळ द्यावा तशी एकमेकांत गुंफत जातात आणि पिशवीला पटलाशी ओढत आणतात (बोटॉक्समधलं विष यातलं स्नॅप-२५ कापतं, म्हणून तो स्नायू ढिला पडतो). पण पीळ पूर्ण बसत नाही. शेवटच्या एका वेढ्याआधी सगळं अडकून राहतं, कॉम्प्लेक्सिन नावाच्या प्रोटीनचा त्यात हात आहे, आणि ही ताणलेली अवस्था तशीच धरून ठेवलेली असते.

आता सेन्सर. त्याचं नाव सिनॅप्टोटॅग्मिन, आणि तो पिशवीवरच बसलेला असतो. बाहेर दोन गोळे काढलेले, सी-टू-ए आणि सी-टू-बी. पहिल्यात तीन कॅल्शियम आयन बसतात, दुसऱ्यात दोन. या जागांभोवती अ‍ॅस्पार्टेट असल्यामुळे तिथे ऋण भार, आणि समोरच्या पटलावरही ऋण भार, म्हणून एरवी दोघं एकमेकांना लांब ठेवतात. कॅल्शियम धन भाराचं, ते मध्ये येऊन बसलं की हा दुरावा मिटतो आणि गोळ्यांची टोकं थेट पटलात रुततात. अडकलेला शेवटचा वेढा बसतो, पिशवी उघडते. नेमकी अडवणूक कशी उठते यावर शास्त्रज्ञांची भांडणं अजून चालू आहेत, पण सेन्सर हाच यावर आता फारसं दुमत नाही.

कारण पुरावा जबरदस्त आहे. १९९४ मध्ये थॉमस झ्यूडहॉफ यांच्या गटाने सिनॅप्टोटॅग्मिन-१ नसलेले उंदीर तयार केले तेव्हा ते जन्मले पण दोनेक दिवसांत मेले, त्यांच्या चेतापेशींत झटपट होणारा रिलीज, म्हणजे माल सुटणं, गेला होता, रेंगाळत होणारा मात्र शिल्लक होता. मला त्याहून आवडला तो २००१ चा प्रयोग. प्रोटीन काढून टाकलंच नाही, फक्त एक अमिनो आम्ल बदललं, त्याची कॅल्शियम धरायची ताकद साधारण निम्मी झाली, आणि रिलीजची कॅल्शियमबद्दलची संवेदनशीलताही तितकीच घसरली. काहीतरी मोडलं की काम थांबतं हे कोणीही दाखवेल, इथे तर थोडं कमी केलं तर तेवढंच कमी झालं! झ्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं, जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन यांच्याबरोबर.

अजून एक गोष्ट, जिच्यापायी मी एक रात्र जागलो. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा दहा हजार पटींनी कमी ठेवलेलं असतं. त्यामुळे कॅल्शियम आत सोडणाऱ्या चॅनलचं दार किंचित किलकिलं झालं तरी तोंडाशी एकदम लोंढा. आणि सेन्सर एकदोन आयनांना दाद देत नाही, १९६७ मध्येच मोजलं गेलं होतं की रिलीज कॅल्शियमच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे कॅल्शियम कमी असताना ते दुप्पट केलं तर रिलीज जवळपास सोळापट. इकडेतिकडे भटकणाऱ्या आयनाने बार उडत नाही आणि खरा सिग्नल आला की उडाल्याशिवाय राहत नाही.

आणि हा सेन्सर सगळीकडे एकच नाही. सिनॅप्टोटॅग्मिन-७ थोड्याशा कॅल्शियमलाही हलतं पण सावकाश, पहिला धमाका होऊन गेल्यावर जो माल मागाहून गळत राहतो त्यात त्याचा वाटा. कानातल्या आतल्या केसपेशींत तर हे काम ओटोफर्लिन नावाचं वेगळंच प्रोटीन बघतं. त्याचा जीन बिघडलेला असला की केसपेशी आवाज टिपतात, कॅल्शियमही आत येतं, पण पुढे माल सुटतच नाही आणि मूल जन्मापासून बहिरं. माझ्या वहीतला बाण तेवढा पुसलेला. २०२४ मध्ये अशा काही मुलांच्या कानात चांगला जीन सोडल्याचे निकाल प्रसिद्ध झाले, आणि त्यातल्या बहुतेकांना ऐकू यायला लागलं.