सोळा डिसेंबरसमोरचे दोन लॅटिन शब्द

इंग्लंडच्या चर्चचं १६६२ सालचं प्रार्थनापुस्तक उघडा आणि डिसेंबरचं पान काढा. संतांच्या नावांच्या रांगेत १६ तारखेसमोर छापलंय, ‘ओ सापिएन्तिया’. हे प्रज्ञे! ज्या ओळीचे हे पहिले शब्द, ती ओळ मात्र त्या पुस्तकात कुठेच नाही. धर्मसुधारणेत ती गळली, नाव तेवढं राहिलं. इंग्लंडच्या लोकांची ही जपणूक मला फार मोलाची वाटते.

ती ओळ म्हणजे अँटिफन, सायंप्रार्थनेत मारियेच्या स्तोत्राआधी आणि नंतर गायची. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, शेवटच्या सात संध्याकाळी असे सात अँटिफन येतात: प्रज्ञा, अदोनाय (प्रभू), इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. सगळ्यांची चाल एकच. घडणही एकच: आधी हाक, मग वर्णन, मग ‘वेनी’ म्हणजे ‘ये’, आणि शेवटी मागणं. धावा ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

रोमन पद्धतीत सुरुवात १७ तारखेला होते. या सात नावांची लॅटिन आद्याक्षरं उलटी वाचली की ‘एरो क्रास’ जुळतं, ‘उद्या मी येईन’. इंग्लंडच्या जुन्या सेरम पद्धतीत २३ तारखेला ‘ओ विर्गो’ (हे कुमारी) हा मारियेचा आठवा अँटिफन असे, म्हणून सगळं एक दिवस अलीकडे सरकलं. तेव्हा अक्षरं ‘वेरो क्रास’ होतात, ‘खरोखर, उद्या’.

पहिल्या अँटिफनचा गाभा दोन शब्दांत आहे: ‘फोर्तितेर सुआवितेर्क्वे’. परात्पराच्या मुखातून निघालेली प्रज्ञा या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते आणि सगळ्याची मांडणी बळाने नि गोडीने करते. कॅथलिक बायबलमधल्या ज्ञानग्रंथाच्या आठव्या अध्यायातल्या लॅटिन ओवीत बळ पोचण्याला जोडलंय आणि गोडी मांडणीला. अँटिफन रचणाऱ्याने दोन्ही शब्द शेजारी आणून मांडणीलाच लावले. केवढी जाण आहे यात! इंग्रजी भाषांतरातलं ‘स्वीटली’ आज जरा बाळबोध वाटतं. मराठीत ‘गोडीने’ म्हटलं की थेट पोचतं. घरातली अवघड माणसं आपण गोडीनेच सांभाळतो. भाषेचा हा अभिमान मी मुळीच लपवणार नाही.

खंत एकाच गोष्टीची. याच अँटिफनांवर बेतलेलं ‘ओ कम, ओ कम, इमॅन्युएल’ हे प्रसिद्ध गीत सगळ्यांना येतं, पण १७१० च्या लॅटिन पद्यात पाचच कडवी होती आणि प्रज्ञेचं नव्हतं. जॉन मेसन नील यांनी १८५१ मध्ये तीच पाच इंग्रजीत आणली. पुढे कुणी प्रज्ञेचं कडवं जोडलं, तरी कितीतरी ठिकाणी अजून पाचावरच थांबतात. म्हणजे पहिलीच हाक गायब! अर्थात आपणही फार बोलू नये. प्रोटेस्टंट मराठी बायबलच्या ६६ पुस्तकांत ज्ञानग्रंथ नाही, प्रज्ञेवरचं दुसरं पुस्तक सिराख, तेही नाही. वसईच्या कॅथलिक घरांत ते मिळतील. इतरांनी नीतिसूत्रांचा आठवा अध्याय उघडावा. तिथे प्रज्ञा वेशीपाशी उभी राहून हाका मारते.

इंग्लंडात ऐकायचं असेल तर कॅथीड्रल गाठा. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं सत्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपतं, त्यामुळे बहुतेक कॉलेजांचे गायनवृंद तेव्हा नसतात. तारीख १६ की १७, हे त्या चर्चच्या महिन्याच्या संगीतपत्रकात पाहून घ्या. आणि स्तोत्र संपलं की लगेच खाली बसू नका. ‘ओ सापिएन्तिया’ पुन्हा एकदा गातात.