झिरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप आणि आपलं इंग्रजी

छंद म्हणून केलेल्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल इंग्रजीत लिहायचं म्हटलं की मराठी माणसाला आधी व्याकरणाचा धसका बसतो. खरं तर 'अ' आणि 'द' ही आर्टिकलं इकडची तिकडे झाली तरी वाचणारा सांभाळून घेतो. घोटाळा होतो तो आपल्याला पक्के इंग्रजी वाटणाऱ्या शब्दांत.

दुकानात आपण 'झिरो पीसीबी', म्हणजे सुटे भाग जोडायची भोकाभोकांची कोरी पाटी, मागतो; बाहेरचा वाचक तिला 'परफबोर्ड' म्हणतो. आपली 'बर्ग स्ट्रिप', म्हणजे पिनांची पट्टी, त्याची 'पिन हेडर'. बर्ग हे मुळात कंपनीचं नाव, आपल्याकडे ते वस्तूलाच चिकटलं. 'रिलिमेट' लिहिलंत तर तो शोधत बसेल, त्याऐवजी २.५४ मिमी पिचचा (दोन पिनांमधलं अंतर), लॉक असलेला, अमुक पिनांचा कनेक्टर असं सरळ वर्णन द्या. एम-सील म्हणजे 'इपॉक्सी पुट्टी', फेविक्विक म्हणजे 'सुपरग्लू', थर्माकोल म्हणजे 'पॉलिस्टायरिन फोम'. 'अर्थिंग'ला जरा जपा. मेन्सच्या, म्हणजे घरातल्या विजेच्या, तिसऱ्या वायरला 'प्रोटेक्टिव्ह अर्थ' आणि सर्किटच्या शून्य व्होल्टला 'सर्किट ग्राउंड' म्हणा. दोन्हीकडे नुसतं 'ग्राउंड' लिहिलं तर कुणीतरी ती दोन टोकं जोडून मोकळा होईल.

सगळ्यात महागात पडणारा शब्द मात्र आपला घरचाच आहे: बंद. 'स्विच बंद कर' म्हणजे दिवा विझव. इंग्रजीत 'क्लोज द स्विच' म्हणजे संपर्क जुळव, प्रवाह सुरू कर. नेमकं उलटं! 'ओपन'चंही तेच. आपल्या कानाला ते चालू वाटतं, सर्किटमध्ये ते तुटलेलं असतं. गंमत म्हणजे शाळेच्या विज्ञानात 'बंद परिपथा'तून प्रवाह वाहतो हे आपण शिकलेलो असतो, पण भिंतीवरच्या बटणाची सवय जास्त जुनी. म्हणून हाताने दाबायच्या स्विचसाठी 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द वापरूच नका. 'टर्न ऑन', 'टर्न ऑफ' लिहा आणि लगेच पुढे काय दिसायला हवं ते सांगा: एलईडी लागतो, मीटरवर ५ व्होल्ट येतात. शब्द चुकला तरी त्या खुणेवरून वाचक सावरतो. विजेने चालणाऱ्या स्विचच्या, म्हणजे रिलेच्या, संपर्कांना मात्र 'नॉर्मली ओपन' आणि 'नॉर्मली क्लोज्ड'च म्हणायचं, तिथे पर्याय नाही.

मग मापं. आपल्याकडे सोल्डर वायर (सांध्यावर वितळवायची तार) एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजने मिळते, अमेरिकेतला वाचक वायर एडब्ल्यूजी या अमेरिकन गेजने मोजतो. नुसतं '२२ गेज' लिहिलं तर आपली ०.७१ मिमी आणि त्याची ०.६४ मिमी. १८ गेजला फरक आणखी वाढतो: १.२२ आणि १.०२. गेज विसरा, व्यास मिमीमध्ये द्या. लाखाचे स्वल्पविराम टाळा. १०,००,००० ओहम वाचून परदेशी माणूस शून्यं मोजत बसतो, १ मेगओहम लिहा. जर्मनीसारख्या देशांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब वापरतात, म्हणून ४.७ किलोओहमसाठी टिंबाच्या जागी 'के' घालून '४के७' लिहिण्याची पद्धत उत्तम. टिंब पुसट छापलं गेलं तरी किंमत बदलत नाही. सव्वा, पाऊण डोक्यात असू द्या, कागदावर १.२५ आणि ०.७५.

सोल्डरिंगच्या लेखात 'लेड' हा एक फसवा शब्द आहे. शिसं म्हणजे 'लेड', आणि रेझिस्टरचा पाय म्हणजे 'लीड'. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग एकच. शिशाबद्दल बोलायचं तर मिश्रणच लिहा: ६०/४० कथील-शिसं, सुमारे १९० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळतं. वाचकाकडे बिनशिशाचं असेल तर ते सुमारे २१७ ते २२० ला वितळतं. तुम्ही सोल्डरिंग आयर्नची टिप ३२० ला ठेवून लिहिलेली कृती त्याच्याकडे कोरडे, दाणेदार सांधे देऊ शकते. त्याला २०-३० अंश वाढवायला तिथेच सांगून टाका.

आता वाक्यरचना. 'वायर सोलून, पिळून, टिनिंग करून भोकात घाला' हे मराठीत एका दमात छान बसतं. तेच जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की तीन 'आफ्टर' आणि शेवटी एक 'इट' असं लांबट शेपूट तयार होतं. त्यात किती मिमी सोलायची ते राहून जातं आणि 'इट' म्हणजे वायर की टोक तेही कळत नाही. तोडा: पाच मिमी सोला. तारा पिळा. टोकाला सोल्डर द्या. भोकात घाला. एका वाक्यात एकच काम. विमान उद्योगासाठी तयार झालेल्या सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या नियमांत कृतीच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे, ती छंदाच्या लेखनालाही लागू पडते. आणि 'आधी सप्लाय काढायला विसरू नका' हे आपण सवयीने शेवटी टाकतो. वाचक हातात इस्त्री घेऊन (हो, सोल्डरिंगची) ओळीमागून ओळ करत असतो. इशारा कृतीच्या आधीच हवा.

'अ' आणि 'द'ने फारच छळलं तर एक पळवाट आहे. प्रत्येक भागाला आकृतीतला क्रमांक द्या. 'आर१', 'सी२', 'क्यू१' यांच्या आधी काहीच लागत नाही, आणि निम्मी आर्टिकलं आपोआप गळून पडतात. 'ओन्ली' शोधून काढा, तो बहुतेक वेळा आपला 'च' असतो. 'स्लोली स्लोली'ही सापडेल.

शेवटी आकृती झाकून ठेवा आणि फक्त मजकूर वाचत तेच सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डरशिवाय जोडणी करायच्या पाटीवर) पुन्हा जोडा. जिथे हात थांबून डोळे आकृतीकडे वळतात, तिथलं वाक्य पुन्हा लिहायचं.